लांज्याच्या मुलाने विचारलेला प्रश्न

रत्नागिरी,
बुधवार, ८ नोव्हेंबर २००६

आदरणीय महेंद्रमामांस श्रुतीचा सविनय जयभीम.

तुमचा गुडघा आता जिने चढू देतो का? मामीला डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं होतं, ते ती खरंच कमी खाते की फक्त तुमच्यासमोर? इकडे सगळे बरे आहेत. (आई माझ्याशी बोलत नाही, पण तब्येतीने बरी आहे.)

सगळ्यात आधी मागच्या पत्रातली माझी चूक दुरुस्त करते. मी लिहिलं होतं, ‘मी विचार करून सांगते म्हणाले आहे, अजून उत्तर तयार नाही.’ हे खरं होतं, पण अपुरं होतं, आणि अपुऱ्या खऱ्याने किती घोटाळा होतो ते आता दिसतंय. मी विचार करत होते तो स्थळाचा नव्हे, ब्राउझरचा.

तुम्हाला रजा मिळाली नाही म्हणून तुम्ही बघण्याच्या कार्यक्रमाला नव्हता, तेव्हा नीट सांगते. लांज्याहून मोहिते मंडळी आली, पोहे झाले, आणि कुणीतरी मुलाला, प्रबोधला, म्हणालं की तुला काही विचारायचं असेल तर विचार. तो पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत, आणि मी दुपारी युसुफचाचांच्या सायबर कॅफेत बसते हे त्याला कळलेलं. त्याने विचारलं, ‘ब्राउझर निवडताना तुम्ही सगळ्यात जास्त काय बघता?’ (ब्राउझर म्हणजे इंटरनेटची पानं ज्यातून उघडतात तो प्रोग्राम. तुमच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरही असेल, साहेबांना विचारा.) मला उत्तर येईना. मी म्हणाले, विचार करून सांगते. त्याच वेळी त्यांची गाडी आली आणि मंडळी उठली. मोठ्यांनी माझं एवढंच वाक्य ऐकलं होतं.

यात बाबांचा हात आहे हे तुम्ही ओळखलंच असेल. शाळेत घालायच्या आधी त्यांनी मला घरीच शिकवलं, आणि पाढ्यांच्याही आधी शिकवलं ते हे, की उत्तर येत नसेल तर अंदाजाने बोलायचं नाही. ‘विचार करून सांगते’ म्हणायचं आणि मग खरोखरच विचार करून सांगायचं. पहिला अर्धा भाग सगळेच पाळतात, दुसरा कुणी पाळत नाही. समुद्राचं पाणी खारट का, हे त्यांनी मला एकदा विचारलं होतं. मी पुढच्या आठवड्यात उत्तर नेऊन दिलं. (चुकीचं होतं, पण बाबांना आवडलं.)

तुम्ही माझं पत्र वाचून मोहित्यांना फोन केलात की मुलगी विचार करतेय. त्यांनी दिवाळी संपेपर्यंत वाट पाहिली. आता ते एकोणीस तारखेला, रविवारी, सावर्ड्याची मुलगी बघायला जाणार आहेत. तेव्हापासून सगळे म्हणतात की फोन उचल आणि हो म्हणून टाक. पण मामा, होकाराचं मला कुणी विचारलंच नव्हतं. न विचारलेल्याचं उत्तर द्यायचं आणि विचारलेलं तसंच ठेवायचं, हे मला जमेना. आई म्हणाली, ‘अगो, बोलायला काहीतरी हवं म्हणून विचारलान त्याने. पाऊसपाणी कसं काय म्हणतात ना, तसं.’ बाबा म्हणाले, पावसाचं विचारलं तरी बघून सांगावं. तेव्हापासून आई त्यांच्याशीही बोलत नाही.

तर मी विचारायला सुरुवात केली. आमच्याकडे गेल्याच महिन्यात सगळ्या मशीनवर नवा ब्राउझर आला. जुनाही ठेवलाय. म्हणजे गिऱ्हाईक रोज माझ्यासमोर निवड करतं. कॉलेजच्या मुलांनी एका सुरात सांगितलं, स्पीड. मी ते लिहून घेतलं आणि जवळजवळ समाधान मानलं होतं. मग दिसलं की हीच मुलं, मधलं मशीन रिकामं असताना, कोपऱ्यातल्या मशीनसाठी अर्धा तास बाकावर बसून राहतात. ज्याला स्पीड हवा तो अर्धा तास बसेल का? त्यांना हवं ते एवढंच, की मागून कुणाला दिसू नये. (ते काय बघतात हे मी बघितलेलं नाही. बघितलं असतं तर लिहिलं असतं.)

मग मला शंका आली की मी प्रश्नच चुकीचा विचारते. ‘सगळ्यात जास्त काय आवडतं’ म्हटलं की माणूस चांगलं दिसेल ते सांगतो, म्हणून ‘सगळ्यात जास्त कशाचा त्रास होतो’ असं विचारायला लागले, आणि ज्यांना आधी विचारलं होतं त्यांनाही पुन्हा विचारलं. युसुफचाचांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, ‘गे श्रुती, गिऱ्हाईकाला काय हवं विचार, काय दुखतंय नको विचारू. दोघं जण बिल देऊन पळाले.’ त्यांचं स्वतःचं मत असं की लोक काही निवडत नाहीत, पहिल्या दिवशी ज्याने शिकवलं त्याने जे उघडून दिलं तेच जन्मभर उघडतात. मला हे पटलं आणि वाईटही वाटलं, कारण अर्ध्या रत्नागिरीला मीच शिकवलंय आणि तेव्हा मी काहीच विचार केला नव्हता.

खतिजाभाभी दर शुक्रवारी नवऱ्याला कुवेतला मेल करतात. त्यांना सारखा विचारत बसणारा ब्राउझर नको. पासवर्ड लक्षात ठेवू का, हे पान लक्षात ठेवू का. त्या म्हणाल्या, माझ्या नवऱ्याने इतक्या वर्षांत एकदा नाय विचारलान, काय लक्षात ठेवू म्हणून. हे हसत म्हणाल्या. आणि पासवर्ड पुन्हा स्वतःच टाइप केला.

आणि मग आत्मारामकाका. मिरकरवाड्याला त्यांचा मासळीचा धंदा, मुलगा जहाजावर. ते सांगतात, मी मेलवर लिहिते. त्यांच्या पत्राचा पहिला अर्धा भाग नुसता राग असतो, फोन का नाही, पैसे का पाठवतोस, मी मागितले का. मग हळूहळू ते खाली येतात आणि शेवटी विचारतात की जेवतोस ना. गेल्या मंगळवारी ते नेमके ‘जेवतोस’पाशी आले आणि लोडशेडिंग सुरू झालं. काका अंधारात बसून राहिले. वीज आली तेव्हा मी घाबरतच तोच नवा ब्राउझर पुन्हा उघडला. त्याने विचारलं की मघाशी होतं तिथूनच पुढे सुरू करायचं का. मी हो म्हटलं, आणि सगळं पत्र जसंच्या तसं समोर आलं. मी काकांना म्हटलं, नसतं आलं तर पहिल्यापासून लिहिलं असतं की. ते म्हणाले, ‘बाय, राग एकदाच येतो. दुसऱ्यांदा कुठून आणू? आणि राग नाय आला तर पुढचं कसं लिहू?’

त्यावर मी पुष्कळ विचार केला. वेग सगळ्यांनाच आवडतो, पण वीज सगळ्यांचीच जाते. मग जो ‘आता पहिल्यापासून’ म्हणतो तो कितीही वेगवान असला तरी माणसाला थकवतो. प्रबोधला द्यायचं माझं उत्तर हे, की तुटलं तिथूनच पुढे नेतो का, ते मी बघते. बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, नीट आहे, आता ज्याने विचारलं त्याला स्वतः नेऊन दे.

मुलीकडच्यांनी असं मुलाच्या दारात जायचं नसतं हे मला माहीत आहे. आईने ते भांड्यांच्या आवाजात मला सांगितलंय. पण त्यांनी आपल्या घरी येऊन विचारलं, तर आपण त्यांच्या घरी जाऊन सांगायला काय हरकत, असं बाबा म्हणतात. फक्त रविवारी जायचं नाही. त्या दिवशी सावर्ड्याच्या मुलीने पोहे भिजवलेले असतील, तिचा कार्यक्रम मी मोडणं बरोबर नाही. त्याआधीच जायला हवं, म्हणजे पुढे काय करायचं ते मोहिते मोकळेपणाने ठरवतील, आणि त्या मुलीलाही वेळेवर कळेल.

मामीला नमस्कार सांगा. गुडघ्याला शेक द्या, आळस करू नका.

तुमची भाची,
श्रुती

ता.क. एवढं लांब पत्र लिहायचं कारण असं, की तुम्ही मोहित्यांना एक फोन करावा. आम्ही दोघं येतो, मी आणि बाबा, आणि त्यांनी जेवायचा घोळ घालू नये. स्थळाबद्दल काही बोलू नका. प्रबोधचं एक उत्तर द्यायचं राहिलंय, एवढंच सांगा. त्याला कळेल.

ता.क. दुसरा. उत्तर मला मंगळवारच्या आधीच ठाऊक होतं असं आता वाटतं. त्या दिवशी कार्यक्रमात मला शिक्षणाचं विचारलं तेव्हा मी सांगायला लागले आणि त्याच्या काकांनी मध्येच हायवेच्या खड्ड्यांचा विषय काढला. खड्डे संपेपर्यंत मी काय बोलत होते ते मीसुद्धा विसरले होते. तेव्हा तो म्हणाला, ‘तुमचं राहिलं. बाबा घरी पाटीवर शिकवायचे, तिथवर आला होतात.’

ता.क. तिसरा. पाकीट चिकटवणार एवढ्यात आई स्वयंपाकघरातून इतक्या दिवसांत पहिल्यांदाच बोलली. ‘आणि तिथे त्याने लग्नाचंच विचारलान, तर काय सांगशील?’ माझ्या तोंडात ‘विचार’ इतकं आलं होतं. मी ते गिळलं आणि म्हटलं, हो म्हणेन. आई म्हणाली, मग निळी साडी नेस, ती पिवळी नको. आम्ही सकाळच्या पहिल्या एसटीने निघतो, शनिवारी, अठरा नोव्हेंबरला.