काचेच्या कपाटातला परदेशी साबण

मी, सेफेरिना बालादजाय, वय एकाहत्तर, विधवा, राहणार पातनोंगोन, अँतिके प्रांत, पूर्ण शुद्धीत, राजीखुशीने आणि कोणाच्याही सांगण्याला न भुलता ही माझी अखेरची इच्छा लिहून ठेवते. शुद्धीबद्दल माझी धाकटी बहीण पुरिंग हिची हरकत आहे, कारण परवा पावडरचा डबा फ्रिजमध्ये सापडला. तो मीच ठेवला. का ठेवला ते आठवत नाही, पण तेवढ्यावरून कोणी मृत्युपत्र करायला नालायक ठरत नाही, असे वकील देमापेलिस म्हणाले.

कलम पहिले. राहते घर आणि मागची नारळाची झाडे माझी एकुलती मुलगी मेरिबेल हिला. ती दुबईत लॉन्ड्रीत कामाला आहे. पुरिंगने मात्र हयातभर याच घरात राहावे. मी हाँगकाँगात लोकांची मुले सांभाळत होते तेव्हा माझी मुलगी तिने सांभाळली. यात वादाला जागा नाही.

कलम दुसरे. न चिकटणारा तवा पुरिंगला. हा मी हाँगकाँगहून विमानात मांडीवर घेऊन आणला आणि तिने पहिल्याच दिवशी तारेच्या घासणीने लख्ख करून ठेवला. आता त्याला सगळेच चिकटते. तिच्याशिवाय तो कोणी घेणारही नाही.

कलम तिसरे, काचेचे कपाट. इथे माझा गोंधळ होतो. कपाटात वासाचे साबण, बीफचे डबे, कॉफीच्या बरण्या, चॉकलेटे, टॉवेल आणि वाघाचे चित्र असलेले जाड ब्लँकेट आहे. आमच्याकडे पंख्याखालीही घाम येतो, पण ब्लँकेट आणल्याशिवाय परदेशी गेल्यासारखे वाटत नाही. यातले काही मी आणलेले, काही मेरिबेलने पूर्वी पाठवलेले. वापरलेले काहीच नाही. अंगाला गावातला साबण लावायचा आणि परदेशी साबण पाहुण्यांनी बघायचा, हीच इथली रीत. आता हंसाचा निळा टॉवेल घ्या. तो मी पुरिंगसाठी आणला. तिने तो घडीही न मोडता शेजारीण देलियाच्या मुलीला लग्नात दिला. त्या मुलीने तो चर्चच्या सोडतीला दिला आणि जत्रेत तो मलाच लागला. हा टॉवेल कायद्याने कोणाचा, असे वकिलांना विचारले. त्यांनी बराच वेळ चष्मा पुसला.

कलम चौथे. हे कलम नाही, पण सांगायला हवे. पासालुबोंग, म्हणजे प्रवासाहून आणायची भेट, आणल्याशिवाय परदेशातून आलेल्या माणसाला आमच्या गल्लीत पाऊल टाकता येत नाही. घरच्यांना, मामेभावंडांना, समोरच्या दुकानदाराला, सगळ्यांना काही ना काही द्यावे लागते. देलिया तर मी इलोइलो शहरात दाताच्या डॉक्टरकडे जाऊन आले तरी फाटकात विचारते, "माझं पासालुबोंग कुठाय?" तिला पांढरी पडलेली चॉकलेटे द्यावीत.

मेरिबेल कित्येक नाताळ घरी आलेली नाही. फोनवर मी तिला विचारले. तिकिटाचे जमते, म्हणाली, खोके भरायचे जमत नाही.

"नानाय, रिकाम्या हातांनी कशी येऊ?"

"अगं, मला काही नको."

"तुला नको गं. बाकीच्यांचं काय? पुरिंगमावशीला माझ्यापायी मान खाली घालावी लागेल."

तिचा राग आला, देलियाचा आला, आणि कपाटाचाही आला. मला मुलगी बघायची आहे आणि मधे साबण आडवा येतोय, हे माझ्या डोक्यात बसत नाही.

कलम पाचवे. म्हणून असे ठरवले की कपाटातले सारे काही मेरिबेलला मिळावे आणि तिने ते आपल्या हाताने गल्लीत वाटावे. हे बाहेर फुटले आणि साक्षीदार मिळेनासे झाले. साक्ष देणाऱ्याला वाटा मिळत नाही, असा समज पसरला. देलिया म्हणाली, "सही करायला माझी ना नाही. पण मग माझा साबण?" शेवटी साक्षीदार दुसऱ्या गावाहून आणले.

त्यात वकील म्हणाले, हे सगळे तुम्ही गेल्यावर अमलात येईल. हे मला कोणी आधी सांगितले नव्हते. म्हणजे मेरिबेल मयतीला येणार. मयतीला तर आसपासची तीन गावे जमतात, तेव्हा कपाट पुरायचे नाही आणि पोरगी तेव्हाही यायची नाही. मी बरेच दिवस याच विचारात होते. पावडर बहुधा त्याच दिवसांत फ्रिजमध्ये गेली.

कलम सहावे. हे पुरिंगला वाचून दाखवू नये. कपाट रिकामे आहे. देलिया काचेतून मोजते म्हणून साबणाच्या खोक्यांत लाकडाचे तुकडे भरून ठेवलेत, आणि बीफच्या डब्यांची फक्त पुढची रांग शिल्लक आहे. बाकी सगळे मी थोडे थोडे इलोइलोला नेले. माझ्या तोंडात एकही दात उरलेला नाही, तरी डॉक्टरकडे कशाला जाते, हे गल्लीत कोणाच्या लक्षात आले नाही.

तिथे विमानतळाजवळ चुलतबहीण कोरासोन राहते. तिच्याकडे मोठे खोके चिकटपट्टी लावून तयार आहे. वर पाठवणारी म्हणून मेरिबेलचे नाव आणि दुबईचा पत्ता आहे. साबण सगळ्यात वर ठेवलेत, म्हणजे उघडताना गल्लीला परदेशाचा वास येईल. मी हुंगून पाहिले. येतो.

कलम सातवे आणि शेवटचे. या मृत्युपत्राची एक प्रत मी आजच मेरिबेलला पाठवत आहे. वकील म्हणतात असे करत नाहीत. मला मेल्यावर येणारी मुलगी नको. बाळा, हात हलवत विमानातून उतर, कोरासोनकडून खोके उचल आणि पुढच्या दाराने ये. मी फाटकात देलियाच्याही पुढे उभी असेन आणि सगळ्यांच्या देखत विचारीन, माझ्यासाठी काय आणलंस? हंसाचा निळा टॉवेल खोक्यात उजव्या कोपऱ्यात आहे. तो मला दे. या खेपेला मी तो वापरणार आहे.

सही: सेफेरिना बालादजाय

साक्षीदार, ज्यांनी साबणावर कोणताही हक्क सांगितलेला नाही:
फादर सिमप्लिसियो ओरकाहो
तेओफिला मागबानुआ, निवृत्त शिक्षिका
हिलारियो सुमांदे, शवपेट्यांचे सुतार (लाकडाचे तुकडे यांचेच)

पातनोंगोन, ११ फेब्रुवारी २०१९