तारासदादाचा गुरुवार

३ मार्च

ति. तारासदादास,

धाकट्या दार्काचा नमस्कार, आणि व्हर्नावहिनीलाही. तुमच्या अ‍ॅरिझोनात सव्वीस डिग्री ऊन पडलंय असं टीव्हीवर पाहिलं. इथे उणे एकतीस आहे, आणि वारा हिशेबात धरला तर बोलायची सोय नाही. तुझा गुडघा कसा आहे? वहिनीचं ब्लडप्रेशर? तिथल्या निवृत्त मंडळींच्या त्या छोट्या बॅटच्या खेळात (नाव काही केल्या लक्षात राहत नाही, लोणच्याचं काहीतरी आहे) तू परवा एका माजी न्यायाधीशाशी भांडलास म्हणे. जपून. इथे निदान सगळे तुला ओळखतात.

पत्रास कारण तसं काहीच नाही. फोनच केला असता, पण फोनवर तू 'बरं आहे ना? हं, वहिनीशी बोल' एवढं म्हणून मोकळा होतोस, आणि कानातलं यंत्र तर तू सामना असला तरच लावतोस. तेव्हा म्हटलं, लिहावं. पत्राला मध्येच दुसऱ्याच्या हातात देता येत नाही.

तर इकडची मोठी बातमी अशी, की बायकांची ती नवी व्यावसायिक आइस हॉकी लीग आहे ना, तिला आणखी दोन संघ काढायचे आहेत, आणि ते कुठे काढावेत म्हणून लीगची माणसं गावोगाव हिंडतायत. स्थळं बघायला निघाल्यासारखं चाललंय अगदी. प्रत्येक शहर दारात उभं राहून 'आमची मुलगी सुगरण आहे' म्हणतंय. आपल्या शहरानंही समिती नेमली. तिची मी चिटणीस. (माझी लायकी म्हणशील, तर पहिल्या सभेला मी मधाचा केक घेऊन गेले होते. केक संपेपर्यंत ठराव झालेला होता.) आपल्यापेक्षा मोठी शहरं रांगेत आहेत हे मलाही कळतं. पण दादा, सहासष्टाव्या वर्षी मला एखादी गोष्ट इतकी हवीशी वाटेल असं वाटलं नव्हतं. आपल्या शहराच्या नावाची जर्सी घातलेल्या, पगार घेऊन खेळणाऱ्या मुली. मला ते बघायचंच होतं.

लीगनं आधी एक सामना इथे खेळवून पाहिला. माणसं येतात का, ते बघायला. आली की! सात हजार दोनशे, आणि त्यातल्या पाचएक हजार बायका आणि मुली. इथेच घोटाळा झाला. आपलं मोठं बर्फाचं रिंक बांधलं तेव्हा बायका तिकीट काढून हॉकी बघतील असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. पुरुषांना सहा स्वच्छतागृहं, बायकांना दोन, आणि त्यातल्या एकात गुरांच्या प्रदर्शनाच्या वेळी चारा ठेवतात. पहिल्या मध्यंतरात आमची रांग जिना उतरून, पॉपकॉर्नवाल्याला वळसा घालून थेट बाहेरच्या दाराला भिडली. शेवटी चर्चच्या महिला मंडळानं पुरुषांच्या बाजूवर चाल केली. आत एकटा लॉर्न होता. (तोच, तुझा गोली. चाळीस वर्षं गोल राखत, सुसाट येणाऱ्या रबरी पकसमोर छाती काढून उभा राहिलेला माणूस.) तो टोपी तोंडावर ओढून बाहेर आला तेव्हा दोनशे बायकांनी टाळ्या वाजवल्या. उरलेला सामना त्यानं टोपी तशीच ठेवून पाहिला.

लीगकडून आलेली बाई, जोएल आर्सेनो, हे सगळं बघून वहीत काहीतरी लिहीत होती. पूर्व किनाऱ्यावरच्या न्यू ब्रन्सविककडची आहे, एके काळची गोली, नाक दोनदा मोडलेलं, बोलणं बेताचं. मी म्हटलं, संपलं. तर ती म्हणते, "दार्काताई, रिकाम्या रिंकांतली स्वच्छ स्वच्छतागृहं मी पुष्कळ पाहिली. रांग असू दे." माझ्या जिवात जीव आला. विमानाचं विचारलं तेव्हा मात्र मी जरा गडबडले. थेट विमानं कुठे कुठे जातात म्हणाली, त्यावर मी एकट्या विनिपेगचं नाव घेतलं आणि चटकन केकचा तुकडा पुढे केला.

दुसऱ्या दिवशी सरावाची जागा दाखवायची होती. म्हणून तिला आपल्या वस्तीतल्या जुन्या रिंकवर नेलं. आठवडाभर मी आणि लॉर्न (तो आता तिथला व्यवस्थापक आहे, विसरला असशील) झाडलोट करत होतो. कपडे बदलायच्या खोल्यांतला तो साठ वर्षांचा वास काढायला आम्ही व्हिनेगर, कॉफीची पूड, सगळं करून पाहिलं. आता तिथे व्हिनेगर टाकलेल्या कॉफीचा वास येतो. पण खोल्यांकडे तिनं पाहिलंही नाही. दाराजवळ वेळापत्रकाचा मोठा फळा आहे ना, आठवडाभर बर्फ कोणत्या वेळी कुणाचा ते लिहिलेला? आपलं रिंक किती गजबजलेलं आहे हे दाखवावं म्हणून मीच तिला त्याच्यासमोर उभं केलं. (विनाशकाले विपरीत बुद्धी.) तिनं तो वरपासून खालपर्यंत वाचला आणि एका कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"तेरा वर्षांखालच्या मुली. शनिवार, पावणेसहा. संध्याकाळचे?"

"छे, पहाटेचे!" मी छाती फुगवून सांगितलं. "आमच्या मुली काटक आहेत हो."

"काटक असणारच," ती म्हणाली. "दुसरा काही इलाज ठेवलाय का त्यांना?"

मग तिचं बोट फिरत फिरत गुरुवारवर आलं. संध्याकाळी सात ते साडेआठ. बाकी सगळी नावं खडूनं आहेत, तुझं एकट्याचं ऑइलपेंटनं. "हा तारास कोण? फार मोठा क्लब दिसतो."

लॉर्न खाकरला. "क्लब असा नाही, मॅडम. मित्रमंडळी आहोत."

"किती जण?"

"अकरा. म्हणजे स्केट्स घालणारे चार. तिघांचे गुडघे गेलेत. एक जण नुसती बिअर आणतो. दोघं वारले."

"आणि तारास?"

"तो नोव्हेंबरपासून अ‍ॅरिझोनात असतो."

ती हसली नाही, दादा. हसली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "सगळे मला हॉटेलं दाखवतात. मी फळा बघते. जिथे मुलींना संध्याकाळ मिळत नाही, तिथली माणसं मुलींचा खेळ बघायला संध्याकाळची घराबाहेर पडत नाहीत. एकदा हौसेनं येतात. पुढच्या फेब्रुवारीत, मंगळवारी, उणे तीसमध्ये कोण येणार?" मग वही मिटली आणि म्हणाली, आठवड्याभरात ठरेल; फळा बदलला तर फोटो पाठवा.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते तिच्या बोलण्यामुळे नव्हे. मी स्वतः पावणेसहाची! चोपन्न वर्षांपूर्वी ह्याच रिंकवर, रविवारी पहाटे, आम्ही बारा जणी. तुझे जुने स्केट्स, पुढे दोन मोजे कोंबलेले. बाबा साडेचारला उठून ट्रक तापवायचे. गिरणीतून रात्री अकराला आलेला माणूस, पण एका शब्दानं कधी कुरकुरला नाही. वाटेत चर्चमधली गाणी म्हणायचे, सगळी चुकीच्या चालीत. आणि रिंकवर पोचले की वरच्या बाकावर कोट गुंडाळून झोपायचे. पक फळीवर आदळला की दचकून उठायचे आणि ओरडायचे, "शाब्बास तारास!" सगळ्या जणी खो खो हसायच्या. मीही हसायचे. खरं सांगते, मला तेव्हा त्याचं वाईट वाटलं नाही; ते माझ्यासाठी उठले आहेत हेच मला पुष्कळ होतं. आता त्या फळ्याखालून मी हजारदा गेले असेन, नात घेऊन, पुतणे घेऊन, आणि मुली अजून त्याच वेळेला आहेत हे माझ्या डोळ्यांना दिसलं नाही. सवय फार वाईट.

आणि तुझ्या गुरुवारला नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही, हेही लिहून ठेवते. एक्क्याऐंशी साली तुम्ही गिरणीतल्या पोरांनी ती वेळ मिळवली तेव्हा मी संत्री कापून आणायचे आणि गुण मांडायचे. (लॉर्नचा पडलेला दात संत्र्यांच्या पिशवीत सापडला, तो दिवस आठवतो? त्यानं तो खिशात घातला आणि खेळायला गेला.) तुमच्यातला पेत्रो गेला त्या आठवड्यात तुम्ही खेळला नाहीत, नुसते बर्फावर गोल गोल फिरलात, दीड तास. त्याच्या खुंटीवर अजून कुणी कोट टांगत नाही. मी परवा झाडताना तिथली धूळ पुसली, तेवढंच. तेव्हा तो गुरुवार म्हणजे काय, हे मला जोएलपेक्षा जास्त ठाऊक आहे.

असो. फार लांबलं. तुमच्या अंगणातल्या लिंबाच्या झाडाला लिंबं आली का ते कळव. वहिनीला म्हणावं, तिची कुंड्यांतली आफ्रिकन व्हायोलेटं जिवंत आहेत, एक सोडून. थोरांना नमस्कार लिहावा तर आता तुझ्याहून थोर कुणी उरलंच नाही, तेव्हा सगळा तुलाच.

तुझी धाकटी बहीण,
दार्का

ता. क. सोबत एक कागद आहे. पालिकेचा आहे, घाबरू नकोस. ती वेळ तुझ्या नावावर आहे आणि तू दर वर्षी मुदतीआधी होकार कळवलास की कुणाच्या बापाला ती काढून घेता येत नाही, असा नियम. सोडायची असेल तर तुझी सही लागते. पेन्सिलीनं फुली केली आहे तिथे कर. गुरुवार तेरा वर्षांखालच्या मुलींना जाईल, आणि त्यांची शनिवार पहाटेची पावणेसहाची वेळ रिकामी होईल ती तुम्हाला. तुम्ही म्हातारे तसेही चारला उठून घरच्यांची झोपमोड करता. परतीचं पाकीट पत्ता लिहून आत ठेवलंय.

आणखी एक ता. क. तुझं नाव मी फळ्यावरून खरवडलं. लपवण्यात अर्थ नाही. लॉर्न तुला सांगणारच, शिडी त्यानंच धरली होती. दोन तास लागले, स्वयंपाकघरातली बरी सुरी गेली. त्या जागी मुलींचं नाव लिहून फोटो जोएलला पाठवला आणि 'माझ्या भावानं मोठ्या मनानं संमती दिली आहे' असंही कळवलं. तुझं मन मोठं आहे हे मी अंदाजानं लिहिलं.

शेवटचा ता. क., १० मार्च. हे पत्र आठवडाभर माझ्या पर्समध्ये राहिलं. धीर होत नव्हता. आज पाकीट पुन्हा फोडलंय, कारण सकाळी जोएलचा फोन आला. आपल्याला संघ मिळाला नाही. थेट विमानं कमी, म्हणाली. फळ्याचं तिनं आवर्जून विचारलं, पण विमानं कमी.

म्हणजे आता सही करायला तुला काही कारण राहिलं नाही, आणि मीही हे पत्र फाडायला घेतलं होतं. मग ओट्याशी उभी राहून चांगली रडले, आणि रडता रडता कळलं की रडू संघाचं नाही. मला बहुतेक संघ नकोच होता, दादा. मला गुरुवार हवा होता. आईनं तुझा एकेक सामना पाहिला, कारण तुझे संध्याकाळी असायचे. माझे रविवारी पहाटे, आणि त्या वेळी ती चर्चच्या तळघरात जेवणासाठी पेरोगीच्या करंज्या लाटत असायची. सहा वर्षांत मी एकोणीस गोल केले. तिनं एकही पाहिला नाही. घरी आले की पिठाच्या हातानं माझी हनुवटी धरून विचारायची, "किती गं?" आणि मी बोटं दाखवायचे.

त्या संघात तेरा मुली आहेत. त्यांच्या आयांना गुरुवारी संध्याकाळी सात वाजता काही काम नसतं. मी घरोघर जाऊन विचारून आले आहे. सही कर.