विळा न लागलेल्या माळावर खड्डे न काढणेबाबत

प्रति,
मा. प्रकल्प अधिकारीसाहेब,
हरित माळ अभियान, कोल्हापूर.

विषय : हुलगेवाडी गायरान माळाचा उरलेला अर्धा भाग वृक्षलागवडीतून वगळणेबाबत.
संदर्भ : वृक्षाचे नाव व बुंध्याचा घेर विचारणारे आपले पत्र.

महोदय,

१. मी मुरगूडजवळील हुलगेवाडीची रहिवासी असून म्हशी पाळते. आपल्या पत्राचा खुलासा असा, की मी संरक्षण मागते तो वृक्ष नसून गवत आहे. नाव पवना. बुंधा नसल्याने घेर मोजता आला नाही, क्षमस्व.

२. दसऱ्याला माळाईला पहिली पेंढी वाहिल्याखेरीज माळाला विळा लावायचा नाही, ही गावची रीत. तोवर बी पिकून झडू लागते, म्हणून पुढल्या साली गवत येते. तीन वर्षांपूर्वी आपले यंत्र आले तेव्हा रीत मोडते का, असा प्रश्न ग्रामसभेत निघाला. माळाईचे पुजारी केरबा यांनी "जेसीबी म्हंजी काय विळा हाय व्हय?" असा निकाल दिला. तो सर्वांस पटला. अर्धा माळ उकरला गेला. विळा मात्र कोणीही लावला नाही, याची नोंद व्हावी.

३. तिथे आता ऑस्ट्रेलियन बाभूळ आहे. तिच्या पाल्याला म्हशी तोंड लावत नाहीत, खाली गवत येत नाही, आणि जमिनीवर घरटे करणारा चंडोल त्या बाजूला दिसत नाही. केरबाच आता म्हणतात, "राजमतीअक्का, ऱ्हायल्यालं तरी वाचवा की." उरलेल्या भागातील बी झडू दिले, तर ते उकरलेल्या भागात पेरता येईल. ते दुकानात मिळत नाही, मी कोल्हापूरपर्यंत विचारून आले. यंत्र अनंत चतुर्दशीनंतर येणार आणि दसरा त्यापुढे आहे. साहेब, मला घोर लागला आहे.

४. आपल्या कार्यालयात मला 'झाडांवर उठलेली बाई' म्हणतात, असे कानावर आले. माझी झाडांशी भाऊबंदकी नाही. आपले उद्दिष्ट पूर्ण व्हायलाच हवे, हेही मान्य. सबब माळावरील सर्व खड्डे लगतच्या माझ्या शेतात काढावेत. ऊस उभा आहे, त्याची फिकीर करू नये, यंत्र सरळ आत घालावे. रोपे मी जगवीन.

५. शेत माझ्या व मुलगा अरिहंत याच्या सामाईक नावावर आहे. उसाचे ऐकल्यापासून तो माझ्याशी बोलायचा बंद झाला आहे. सही मात्र त्याने केली, ती सोबत जोडली आहे.

यंत्र निघण्याआधी उत्तर यावे, एवढीच विनंती.

आपली नम्र,
राजमती तात्यासो चौगुले
हुलगेवाडी, दि. ३ सप्टेंबर २०२५

सोबत : १) उसाच्या शेताचा सातबारा २) अरिहंतचे संमतीपत्र