दारं धरायला

भोसरी, पुणे
४ डिसेंबर २०२४

ती. नानांना तेजूचा साष्टांग नमस्कार.

इकडे सर्व ठीक, तिकडचं कळवा, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. फोनवर तुम्ही 'बरंय, ठिऊ का?' याच्या पुढे जात नाही, आणि भरतदादाच्या मोबाइलवर काही पाठवलं तर ते आधी सगळं घर वाचतं. म्हणून हा कागद. पाकिटावर तुमचं एकट्याचं नाव घातलंय.

अवसरीत थंडी पडली असेल. इथं तिसऱ्या मजल्यावर ती नीट कळत नाही. कामावरून आले की आधी रेडिओ लावते, घरात कुणीतरी बोलत असावं म्हणून. एका माणसाची कणीक मळायला मला अजून जमत नाही. दोन चपात्या रोज उरतात, त्या सकाळी चहाबरोबर खाते. तक्रार नाही, आपलं सांगितलं.

दिवाळीत तुमच्या दोस्तानं, संपतकाकांनी मला गाठलं. "तेजू, तू त्या पंपाच्या कंपनीत हायेस ना? आमची मोटार लई तापती, बघ जरा." मग कळलं की गावात तुम्ही सगळ्यांना तसंच सांगता. मला हसू आलं. नोकरीच्या पहिल्या दिवशी मीच 'नळ्यांचं काम आहे' म्हणाले होते, आणि तुम्ही पुढं काही विचारलं नव्हतं.

आज सांगते. वय झालं की पुरुषांची मूत्राशयाखालची गाठ फुगते आणि लघवीची वाट दाबते. तिला प्रोस्टेट म्हणतात. सारखं जावं लागतं, आणि जाऊनही मोकळं वाटत नाही. आम्ही पिस्तुलासारखी मूठ असलेली एक बारीक नळी तयार करतोय. डॉक्टर ती त्याच वाटेनं आत घालतात, खटका दाबतात, आणि फुगलेला भाग एका बारीक दोऱ्यानं बाजूला ओढून बांधला जातो. दोऱ्याच्या टोकांना धातूच्या इवल्या पकडी असतात, त्या आतच राहतात. कापाकापी नाही. त्या खटक्याचं आणि दोऱ्याच्या ताणाचं काम माझ्याकडे आहे. ताण जास्त झाला तर काचतं, कमी झाला तर निसटतं. टोमॅटोची बांधणी शिकवताना तुम्ही म्हणायचात, "सुतळीत बोट जाया पायजे, पण झाड पडाया नाय पायजे." ताणाचा आकडा ठरवताना दरवेळी माझ्या कानात तेच असतं.

लिहिलं एकदाचं. बापाला असलं लिहिणारी मी आपल्या घराण्यातली पहिलीच असेन.

आता गेल्या संक्रांतीचं. कोर्टाचा निकाल हातात येऊन महिना झाला होता आणि तुम्ही पहिल्यांदा या घरी येणार होतात. मी मासवडी केली होती. दुपारी तुमचा फोन आला, "लाइट आली, दारं धरायचंय. न्हाई जमत." ती मासवडी मी एकटीनं संपवली. त्यानंतर तुम्ही पुण्याला आलाच नाहीत. मी मनाशी धरून बसले की नाना रागावले, नवरा सोडून आलेल्या लेकीच्या घरचं पाणी त्यांना नको. भाऊबीजेला मी दादाला ओवाळत होते तेव्हाही तुम्ही मधेच उठलात, "दारं धरून येतो" म्हणालात. मला वाटलं, माझ्यासमोर तुम्हाला बसवत नाही.

निघताना आरतीवहिनी म्हणाली, ठिबकच्या नळ्या उंदरांनी कुरतडल्यात. मी हो हो म्हणून बसमध्ये चढले. मंचर मागं पडलं आणि एकदम डोक्यात आलं. आपल्याकडे चार वर्षं झाली सगळीकडे ठिबक आहे. एक सरी भरली की मातीचा बांध फोडून पाणी पुढच्या सरीला द्यायला माणूस लागतच नाही. मग तुम्ही कुठलं दारं धरता?

मी संपतकाकांना फोन केला. त्यांनी आधी आढेवेढे घेतले, मग म्हणाले, "पोरी, त्यो निघाला व्हता की संक्रांतीला. चाकणला गाड्यांच्या गर्दीत यष्टी तुंबली. कंडक्टरला दोनदा म्हनला, उतरू दे, जाऊन येतो. मानसं हसली. तिथंच उतरला न् दुसऱ्या गाडीनं माघारी आला. कुनाला सांगू नको म्हनला व्हता."

नाना, ज्या दुखण्याचा मी दिवसभर विचार करते, तेच सोसत तुम्ही तिळगुळाची पिशवी घेऊन चाकणला उभे होतात. वाईट वाटतं, फार वाईट वाटतं. आई असती तर तिच्या कानात सांगितलं असतं. आता आपल्या दोघांच्या मधे कुणी नाही, म्हणून सरळ लिहावं लागतंय.

वहिनी म्हणते, तुम्ही हल्ली पाणीच पीत नाही. अंधारात सारखे बाहेर जाता, आणि उसात बिबट्या आहे. त्याहून मला भीती आहे ती आत तुंबण्याची, कारण त्यानं मूत्रपिंडं जातात. इथले एक डॉक्टर वयस्कर आहेत, कमी बोलतात. ते आधी नुसतं तपासतील. पुष्कळांचं गोळ्यांवरच भागतं. आमचं यंत्र अजून चाचणीत आहे, ते तुम्हाला लावणार नाहीत. मी बाहेर बाकावर बसेन आणि काही विचारणार नाही.

रागावला असाल तर रागावा, पण या.

पंपाच्या कंपनीतली तुमची
तेजू


अवसरी बुद्रुक
१० डिसेंबर

चि. तेजूस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. विहिरीवर बसून वाचले. टोमॅटोची बांधणी झाली. वरच्या मळ्यातून परवा बिबट्याने कुत्रे नेले.

तू लिहिलेस तसे लिहायला मला जमणार नाही. एवढेच कळवतो की पाणी बरेच दिवस पुढे सरकत नाही. दारं धरून दमलो. काल सकाळी तर पार अडले होते, तेव्हा घाबरलो.

पत्र हातात पडले की गाडी घेऊन ये. यष्टी नको. वाटेत थांबावे लागेल तेव्हा तू दुसरीकडे बघ. भरतला सांगितले आहे की तुझ्या कंपनीत पंप बघायला चाललोय.

कणीक दोघांची मळ.

रागाचे लिहिलेस ते खोटे आहे. त्या घरातून निघालीस ते बरे केलेस. हेच सांगायला संक्रांतीला निघालो होतो. चाकणपर्यंत आलो होतो.

तुझा
नाना