एकशे बारावं पान

ग्लासगो,
९ जानेवारी १९७२

ती. यमुनाताईस,
मीनाचा सा. न. वि. वि.

कादंबरीच्या दोन प्रती गेल्या आठवड्यात पोचल्या. माझं गिचमिड हस्ताक्षर तू सुवाच्य उतरवतेस, छापखान्यातली तपासणीही तूच करतेस, तेव्हा चूक सापडायची नाही हे ठाऊक होतं. पण ताई, एकशे बारावं पान माझ्या हस्तलिखितात नव्हतं. लिहिलंय मीच, पण ते इथं आल्यावर पहिल्या हिवाळ्यात तुला धाडलेल्या पत्रात. रोज दुपारी बसच्या रांगेत उभी राहायचे आणि बस आली की सोडून द्यायचे. जायचं कुठंच नसायचं. रांगेतलं कुणी थंडीबद्दल एखादं वाक्य बोलेल, एवढीच आशा. हे मी तुझ्याशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं.

यांना तर नाहीच. त्या वर्षी यांनी विचारलं होतं, करमतंय ना? मी हसून हो म्हटलं, म्हणून यांनी औरंगाबादच्या दवाखान्यातली नोकरी नाकारली. आता हे रोज जेवणाआधी दहा पानं वाचतात. आज साठावर आहेत. मी काय करू, तूच सांग. तुझ्यावर लई रागावलेय.

तुझीच,
मीना


छावणी, औरंगाबाद,
१८ जानेवारी १९७२

चि. सौ. मीनाक्षीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रागाव बाई. गुन्हा कबूल आहे. तुझ्या चार कादंबऱ्या मी उतरवल्या, सगळ्या इथल्या नाहीतर पैठणच्या बायकांच्या. परदेशी गेलेली बाई यंदा पहिल्यांदा आली, आणि तिचा पहिला हिवाळा तू एका पानात उरकलास. बर्फ सुंदर, शेजारीण प्रेमळ, बाई रमली. व्हय गं, कोण रमलं होतं? ते उतरवताना हात चालेना. तुझं पत्र काढलं, नाव बदललं आणि लिहून दिलं. तुला विचारलं नाही, कारण तू नाही म्हणाली असतीस.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून फकिरा पोस्टमनशिवाय माझी कडी कुणी वाजवत नाही. तोही पत्र नसलं की पुढं जातो. म्हणून ते पान मला नीट कळलं. मधुसूदनरावांना कळलं तर कळू दे. नऊ वर्षं काय लपवायचं नवऱ्यापासून? माणूस भला आहे, ऐकून घेईल.

राग राहिला तरी चालेल, पत्र मात्र टाकत जा.

तुझी,
ताई


ग्लासगो,
२७ जानेवारी १९७२

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल आलं. हे त्या पानावर पंधरा तारखेलाच पोचले. मी फोडणीचं निमित्त करून स्वयंपाकघरात उभी होते. पान उलटल्याचा आवाज बराच वेळ येईना. मग, खरं सांगते ताई, बरंच वाटायला लागलं. आता हे विचारतील, आणि आपण सगळं सांगून टाकू, असं मी ठरवूनही टाकलं.

हे आत आले ते डोळे पुसतच. म्हणाले की ती बस सोडणारी बाई काळजात घुसली. आपल्या घरात इतकं सुख असताना असलं दुःख तुला सुचतं तरी कुठून?

मी म्हटलं, सुचतं. आणि ताटं वाढली.

तुझी माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
मीना