रेकॉर्ड माझ्याकडे, कव्हर तुझ्याकडे

प्रिय सुनंदा,

लांबलचक पत्रं लिहायची मला सवय नाही. कॉलेजात असताना सुट्टीत तू सिल्लोडहून चार-चार पानं लिहायचीस आणि मी पोस्टकार्डावर पाच ओळींत उत्तर धाडायचे. "तुझं पत्र म्हंजी तार आली का काय असं वाटतं," म्हणायचीस. आज मात्र पाच ओळींत भागणार नाही.

काल तुझी मेघा आली होती. जौनपुरी रागाच्या रेकॉर्डचं कव्हर देऊन गेली. रिकामं कव्हर. आतली रेकॉर्ड जवळजवळ तीन महिन्यांपासून माझ्याकडे पडून आहे, तुला माहीतच आहे. आणि येता रविवार म्हणजे महिन्यातला पहिला रविवार. गफूरभाई आणि साळवे सर नेहमीसारखे गाणी ऐकायला दहा वाजता येतील. त्याआधी तुझ्याशी बोलायला हवं. त्यांना जे सांगायचं, ते आधी तुला सांगायला हवं.

पहिल्या रविवारचे नियम मीच केले होते ना? महिन्यात घेतलेली एकच गोष्ट आणायची. वेष्टण असेल तर ते सगळ्यांसमोर फोडायचं. एक बाजू पूर्ण ऐकायची, मध्ये तोंड उघडायचं नाही. मग ज्यानं आणली त्यानं आधी सांगायचं, का घेतली. तीस वर्षं मुलींना गणित शिकवलेल्या बाईकडून दुसरं काय होणार! "अगं, गाणं ऐकायला आलोय का परीक्षेला बसलोय?" असं तू दर वेळी म्हणायचीस आणि दर वेळी सर्वांत आधी येऊन बसायचीस.

गफूरभाई शहागंजच्या बाजारातून जुन्या कॅसेट हुडकून आणायचे. घड्याळं दुरुस्त करण्यात जन्म गेलेला माणूस. सैल झालेली फीत पेन्सिलीनं अशी हळुवार गुंडाळायचे, की बघत राहावं. साळवे सरांच्या सीड्या. कडेनं धरून, फुंकर मारून, आरशात पाहिल्यासारखं त्यात पाहून मगच लावणार. माझ्या रेकॉर्डी. आणि तू? तू उलटी चालत होतीस. आधी कॅसेट घेतल्यास, मग सीड्या, आणि गेल्या दोन वर्षांत एकदम रेकॉर्डीच. त्याही नव्या नाहीत, तेच अल्बम, जे तुझ्याकडे आधीच दोन-दोन रूपांत होते.

"एकच गाणं किती वेळा विकत घेशील?" मी विचारलं होतं.

"तू वांग्याची भाजी किती येळा करतीस? तसंच."

सगळे हसले. मी नाही हसले. मला वाटलं, आता मोठी कव्हरं भिंतीवर मिरवायची फॅशन आलीय, तिच्या मागं लागलीस. तसं बोललेही. त्यावर तू फक्त कव्हर उलटं करून मागचा मजकूर वाचत बसलीस.

आता तो रविवार.

माझी रेकॉर्ड आधी झाली. ती उतरवताना मी आवाजाचं बटण शून्यावर आणलं होतं. मग तुझी जौनपुरी लावली. गफूरभाई म्हणाले, "वाह सुनंदाबाई, ये तो पुरानी पहचानवाली है!" तू कव्हर मांडीवर घेतलंस, खुर्ची नेहमीसारखी प्लेअरच्या अगदी जवळ ओढलीस. मी सुई टेकवली आणि जागेवर येऊन बसले. बटण फिरवायला विसरले.

खोलीत सुईची बारीक खसखस तेवढी होती. साळवे सरांनी भुवया वर केल्या. गफूरभाईंनी माझ्याकडे पाहून बटणाकडे बोट दाखवलं. आणि तू? तू एकदा फिरत्या रेकॉर्डवरच्या सुईकडे पाहिलंस, डोळे मिटलेस आणि मान डोलवायला लागलीस. बोटं गुडघ्यावर ताल धरत होती.

सुनंदा, पुढचं मी कुणाला सांगितलेलं नाही. मी उठले नाही. गफूरभाईंना हातानंच खूण केली, थांबा. त्यांना वाटलं असेल, उठतच आहे. मी उठत नव्हते. मी बघत होते. गणिताच्या बाईला पुरावा लागतो. दोन मिनिटं, कदाचित त्याहून थोडी जास्तच, मी तुला तशी डोलू दिली.

मग गेले आणि बटण फिरवलं. तुझे डोळे मिटलेलेच. मी तुझ्यासमोर उभी राहिले, खांद्याला हात लावला आणि मोठ्यानं म्हणाले, "आवाज बंद होता, सुनंदा. इतका वेळ बंद होता! कशावर डोलत होतीस? इतकी वर्षं आम्हांला हेच ढोंग दाखवतेस का?"

साळवे सर कसंनुसं हसले. तू माझ्या तोंडाकडे बघत राहिलीस. मग कव्हर उचललंस. "येते गं विजू," एवढंच म्हणालीस. चपला घालताना तुझा हात भिंतीवर होता, तो मला अजून दिसतो. आत रेकॉर्ड वाजतच होती.

मला वाटलं, चार दिवसांत रेकॉर्ड न्यायला येशील. आली नाहीस. मी दोनदा फोन केला. वाजून वाजून बंद झाला. म्हटलं, रुसली आहे, रुसू दे. चूक तिची आणि मनधरणी मी करू? तुझं सिडको काय फार लांब आहे? रिक्षानं वीस मिनिटं. पण मी आले नाही. दीड महिन्यानं आले, तेव्हा तुमच्या दारात चपलांचा ढीग होता. सकाळी चहा करता करता खाली बसलीस आणि उठलीच नाहीस, असं बाया सांगत होत्या. मी सगळ्यांच्या मागे उभी राहिले आणि कुणाशी न बोलता परतले. कुणी विचारलं असतं, शेवटी कधी भेटलात, तर काय सांगणार होते?

काल मेघानं चहाला हात लावला नाही. कव्हर टेबलावर ठेवून म्हणाली, "विजूमावशी, आई तुमच्यावर रागावली नव्हती. तिला फोनची घंटी ऐकूच यायची नाही. आम्हीसुद्धा मेसेजच करायचो."

मला आधी समजलंच नाही.

मग तिनं सांगितलं. तीन वर्षं. समोरून, मोठ्यानं बोललेलं तुला कळायचं, ओठ पाहून बाकीचं जुळवायचीस. गाणं मात्र तुटून गेलं होतं. कानाचं मशीन आणलं होतं, ते डबीत ठेवून दिलंस. "आई म्हणायची, मशीन लावलं की तानपुरा पत्र्यावर वाळू ओतल्यासारखा येतो."

मी विचारलं, मला का नाही सांगितलं? पन्नास वर्षांची मैत्रीण मी!

मेघानं टेबलावरचं कव्हर सरळ केलं. मग म्हणाली, "मी पण हेच इचारलं होतं. तर म्हणाली, विजूला कळलं तर ती मला नियमातून सूट देईल. अन् मला सूट नको."

अगं! हे काय कारण झालं? वसतिगृहात मला कावीळ झाली, तेव्हा माझं डोकं मांडीवर घेऊन बसलेली तू. माझे बाबा गेले तेव्हा परीक्षा सोडून माझ्याबरोबर गाडीत बसलेली तू. माझ्याकडून एवढी सूटही घेता येत नव्हती? हा माझा राग तुझ्यावर आहे आणि राहणार. पण खरं सांगू? तू मला नीट ओळखलं होतंस. मी सूट दिलीच असती. आणि सगळ्यांना दिसेल अशी दिली असती.

जाताना मेघानं पिशवीतून तुझी जुनी कॅसेट आणि सीडी काढली. तीच जौनपुरी. कॅसेटवरची अक्षरं बोटांनी पुसून गेलेली. ती म्हणाली, "कान धड होते तेव्हा जे पाठ झालं, तेवढंच ती रेकॉर्डमध्ये शोधून घ्यायची. म्हणायची, रेकॉर्डवर सुई कुठवर आली ते दिसतं, तिथून गाणं धरता येतं. सीडीत काय दिसतंय?"

मेघा गेल्यावर मी बराच वेळ त्या प्लेअरसमोर बसले, तुझ्या खुर्चीत. आणि तेव्हा आठवलं. म्हणजे डोळ्यांना ते तेव्हाही दिसलं होतं, पण मला पुरावा हवा होता तो निराळाच.

मी बटण फिरवलं तेव्हा आवाज वर आला, मुखडा आला आणि पुढची सम पडली. त्याच क्षणी तुझा तळहात गुडघ्यावर पडला. आधी नाही, नंतर नाही. अगदी समेवर! डोळे मिटलेले होते. दोन मिनिटं शांततेत चालत येऊन तू बरोबर जागेवर पोचली होतीस. त्या खोलीत चार माणसं होती, आणि त्या दोन मिनिटांत गाणं एकटी तूच ऐकत होतीस. आणि मी तुला ढोंगी म्हणाले.

योगायोग असेल, असं माझ्यातली गणिताची बाई अजूनही म्हणते. तिला मी गप्प बसवलं आहे.

तर ऐक. रेकॉर्ड मी अजून कव्हरमध्ये घातलेली नाही. रविवारी सगळ्यांसमोर घालीन. त्याआधी गफूरभाईंना आणि साळवे सरांना सांगेन, की त्या दिवशी मी बटण विसरले, हे अर्धंच खरं. नंतर मी मुद्दाम थांबले होते. ते काय म्हणतील ते म्हणोत. मग तुझी जौनपुरी लावीन, बटण शून्यावर ठेवून. दोन मिनिटं. डोळे मिटून ताल धरीन आणि मग गफूरभाईंना आवाज वाढवायला सांगेन.

मला जमायचं नाही, हे ठाऊक आहे. ती जौनपुरी मी आयुष्यात एकदाच ऐकली, तीही भांडत. म्हणून मेघाकडून तुझी कॅसेट मागून घेतली आहे. आज सकाळी लावली, आता रोज लावणार आहे. या रविवारी चुकले तर पुढच्या महिन्यात पुन्हा, त्याच्या पुढच्या महिन्यातही. नवी खरेदी आणायच्या नियमातून तेवढ्यापुरती मी स्वतःला वगळलं आहे. बाकी कसली सूट मला नको.

हात चुकीच्या जागी पडला तर मोठ्यानं हस, सुनंदा.

तुझी,
विजू