काळ्या पट्टीतलं टिंब

बाबा, काल करडी गावाला जाऊन आले. तिथल्या चार वर्षांच्या एका पोरीला माझ्या कागदामुळे औषध जास्त गेलं. सहा दिवस ती भंडाऱ्याच्या दवाखान्यात होती. आता घरी आहे, उठून बसते, पण डोळ्यांचा पिवळेपणा अजून गेलेला नाही. लेकरांच्या तापाच्या औषधाचं ते पत्रक मी डिझाइन केलं होतं. काळी पट्टी, तिच्यावर बारीक पांढऱ्या अक्षरांत मात्रा. काळा अजून गडद दिसावा म्हणून मी त्यात छपाईचे चारही रंग भरले आणि प्रूफ फक्त स्क्रीनवर पाहिलं. छापताना रंग केसभर सरकले, २.५ मिलीमधलं टिंब शाईत बुजलं. कागदावर राहिले पंचवीस.

तुम्ही छापखान्यात ऑफसेट मशीनवर होता तेव्हा मी माझं पहिलं काम, एक लग्नपत्रिका, घेऊन आले होते. तुम्ही ती उजेडात धरता, चष्मा कपाळावर सारता. "काहून वं, चार रंगाचा काळा कायले टाकला?" मी म्हणते, स्क्रीनवर छान दिसतो. "स्क्रीन कोण वाचते? बारीक अक्षर एकट्या काळ्यात ठेव. अन् काळ्यातून पांढरं काढशील तं चार रंग एका जागी बसत नाही, पोरी. बुजते." सगळ्यांसमोर तुम्ही ती पत्रिका पुन्हा करायला लावली. महिनाभर मी तुमच्याशी धड बोलले नाही.

करडीत त्या आईने घडी केलेलं पत्रक माझ्यापुढे उघडलं. "पाचदा वाचलं, बाई. पंचवीसच हाये ना? मले वाचता येते." तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. चूक तिची तर नाही ना, हे ती मलाच विचारत होती. "तुमची नाही, ताई," एवढंच मी म्हणाले. आता गावोगाव फिरून पत्रकं गोळा करून राहिले आहे. दार उघडलं की आधी विचारते, लेकरू कसं आहे? काही घरांत पत्रक सापडतच नाही. मी काय करू, बाबा?

तुम्ही आता या जगात नाही, पत्र पोचणार नाही, म्हणूनच लिहायला धजावले. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, मशीनवाल्याने रंग नीट बसवले नाहीत. छापखान्याने त्याला कामावरून काढलं. खरं मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. हे खोटं तुम्हालाही अगदी शेवटी सांगितलं.